मल्लिनाथच्या खिशातला फॉर्म

मल्लिनाथ माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर चंद्रिकेनं त्याच्यावर भिस्त ठेवलीच नसती आणि पुढचं सगळं टळलं असतं. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उगारणं नाही. वळसंगला स्टँडच्या मागं त्याचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक टेंपोत घालून आणायचे आणि हा त्यातली काळी ठिक्कर पडलेली तार उचकटून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. हाताला गुण होता. दोष एकच. गिऱ्हाइकानं 'मोटार कधी देतोस' असं विचारलं की तो 'उद्या' म्हणायचा आणि उद्या उजाडलं की पुन्हा तेच. नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे, आणि हो म्हटलेलं हातून वेळेवर होत नसे. गावानं हे केव्हाच ओळखलं होतं. ज्याला मोटार वेळेत हवी असेल तो सरळ दुकानात येऊन ठाण मांडून बसायचा.

चंद्रिकेला तसं ठाण मांडून बसता येत नव्हतं. त्या मंगळवारी सकाळी ती सोलापुरात, होटगी रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका तीन मजली दवाखान्यात, हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती. हाताला सलाइनची सुई होती. अर्ध्या तासात तिला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. मल्लिनाथ खाटेच्या पायथ्याशी उभा होता, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला एक फॉर्म होता. फॉर्मवर चंद्रिकेची सही झाली होती. त्याची राहिली होती.

"केली का सही?" तिनं हळूच विचारलं.

"करतो की. सिस्टर आली की करून देतो," मल्लिनाथ म्हणाला.

ही सही कशाची, ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागेल.

धाकटी मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा गावातल्या आशा सेविका केराबाई चंद्रिकेला म्हणाल्या होत्या की दोन पोरी झाल्या, अंगात रक्त नाही, आता तांबी बसवून घे. मल्लिनाथला ते पटलं. पटलं, पण आईला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. त्याची आई सिद्धम्मा नातवासाठी देव पाण्यात घालून बसली होती. दर सोमवारी उपास, उन्हाळा असो की पावसाळा, पायात चप्पल नाही. म्हणून मग रेशन कार्डाला अंगठा द्यायला जातो असं सांगून नवराबायको सरकारी दवाखान्यात गेले आणि तांबी बसवून, येताना खरोखरच अंगठा देऊन परत आले. खोटं बोलायचं तर निदान अर्धं तरी खरं असावं, एवढा मल्लिनाथ पापभीरू होता.

वर्षभरानं चंद्रिकेच्या लक्षात आलं की तांबीचा दोरा हाताला लागत नाही. केराबाईंनी सांगितलं की गळून पडली असेल, पुष्कळ जणींची पडते, तरी एकदा फोटो काढून बघा. चंद्रिकेनं मल्लिनाथला सांगितलं. तेव्हा मार्च महिना होता, दुकानात जळक्या मोटारींचा ढीग लागला होता. पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हणाला. असे किती आठवडे गेले कोण जाणे, पण एके दिवशी चंद्रिकेला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. मग तांबी पडलीच असणार यात कुणाला शंका उरली नाही.

मुलगा झाला. सिद्धम्मानं गावभर पेढे वाटले आणि नातवाचं नाव सिद्धलिंग ठेवलं. चंद्रिका मात्र त्या बाळंतपणात जाता जाता राहिली. रक्त थांबेना. तीन बाटल्या चढवल्या तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडानंही सांगितलं की आता पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. मल्लिनाथनं मान डोलावली. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यानं कपाटात ठेवून दिला, आणि कपाटात ठेवलं म्हणजे झालं असं त्याला वाटलं.

मग गेल्या तीन-चार महिन्यांत चंद्रिकेच्या पोटात उजवीकडं कळ यायला लागली. वाकली की यायची, पोराला कडेवर घेतलं की यायची. गॅस असेल म्हणून ओवा खाऊन झाला, लिंबू-सोडा पिऊन झाला. शेवटी सोलापूरला आणलं. सोनोग्राफीत पिशवी रिकामी, ठाकठीक. मग पोटाचा एक्स-रे काढला, आणि डॉक्टरीणबाईंनी ती फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली.

पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाला, पांढरी, आडवी पडलेली, एक इवलीशी तांबी होती. मल्लिनाथला कुणी सांगायची गरज पडली नाही. जन्मभर त्यानं तांब्याची तारच गुंडाळली होती. दांडीभोवती जवळजवळ, एकसारखी वेटोळी घातलेली ती बारीक तार त्याला लांबूनही दिसली. पोरगं नऊ महिने त्या पोटात वाढलं, आणि ही शेजारी बसून होती.

सिद्धम्मा शेजारीच उभी होती. डॉक्टरीणबाईंना घरातली भानगड काय ठाऊक? त्यांनी सरळ सांगून टाकलं की मूल होऊ नये म्हणून बसवलेली ही तांबी आहे, पिशवीला छिद्र पाडून पोटात निसटली आहे, तरीच बाळ राहिलं. मल्लिनाथ जमिनीकडं बघत राहिला. चंद्रिकेनं पदर तोंडाला लावला. आता आभाळ फाटणार हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

पण ते फाटलं नाही. सिद्धम्मानं फिल्मकडं बराच वेळ पाहिलं आणि एकच विचारलं, ही आत असतानाच सिद्धलिंग झाला काय? डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. त्यावर सिद्धम्मानं दोन्ही हात जोडून त्या उजेडाच्या चौकटीलाच नमस्कार केला.

"बग मल्ल्या," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमी दोगांनी दार लावलं, तर देवानं भित्त फोडून पोरगं दिलं."

चोरून तांबी बसवल्याबद्दल एक शब्द ती बोलली नाही. रिक्षावाल्याला तिनं हा चमत्कार सांगितला, औषधाच्या दुकानात सांगितला, गावात तर घरोघर सांगितला. तांबी निघाली की ती धुऊन सिद्धेश्वराच्या पायाशी नेऊन ठेवायची असंही तिनं ठरवून टाकलं. मल्लिनाथला आधी वाटलं, सुटलो. संकट आलं तसं गेलं. त्याची ही खुशी दोन दिवस टिकली.

कारण तपासणीला पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाटातून निघालेला तो जुना कागद वाचला आणि चंद्रिकेला आत बोलावून घेतलं. पोटाला तीन बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं तांबी काढायची आहे, त्यासाठी पूर्ण भूल द्यायचीच आहे. तर पुन्हा मूल राहू नये म्हणून त्याच वेळी नळ्याही बंद करून टाकता येतील. वेगळं ऑपरेशन नको, पुन्हा भूल नको, पाच-दहा मिनिटांचं जादा काम. पुन्हा दिवस गेले तर यावेळी रक्त थांबेलच असं मी सांगू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. चंद्रिकेनं तिथल्या तिथं सही केली. डॉक्टरीणबाई जरा ओशाळून पुढं म्हणाल्या की कायद्यानं तुझी एकटीची सही पुरते, पण मागं अशाच एका कामावरून नातेवाइकांनी येऊन काचा फोडल्या होत्या, तेव्हापासून मालक डॉक्टरांनी नियमच केलाय, नवऱ्याची सही हातात पडल्याशिवाय नळ्यांना हात लावायचा नाही.

एवढंच काम होतं. एक सही.

सोमवारी संध्याकाळी चंद्रिकेला भरती केलं. उपासाचा दिवस, म्हणून सिद्धम्मा तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली. तेवढ्या तासाभरात चंद्रिकेनं उशीखालून फॉर्म काढला आणि मल्लिनाथच्या हातात दिला. ती कधी फार बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"मला आता साकु झालं," ती म्हणाली. पुरे म्हणायचं असलं की तिच्या तोंडी माहेरचं कानडीच यायचं, सासूलाही ती अत्तीच म्हणायची. "तीन लेकरं हायत. त्यांला आई पायजे. अत्तीला मी घरी गेल्यावर सांगते. शिव्या द्यायच्या त्या मला देतील, मी खाते. तुमी कायबी बोलू नका. निस्ती सही करून सिस्टरकडं द्या."

"करतो की. त्यात काय."

"आत्ताच करा की मग."

मल्लिनाथनं खिसा चाचपला. खिशात टेस्टर होता, पेन नव्हतं. खाली काउंटरवरून आणतो, म्हणाला, आणि फॉर्मच्या घड्या घालून खिशात ठेवला. तेवढ्यात जिन्यावर सिद्धम्माचा आवाज आला. ती अंगारा घेऊन वर येत होती.

आता कुणी म्हणेल की एवढा चौतीस वर्षांचा बाप्या, तीन लेकरांचा बाप, त्यानं आईला एवढं घाबरावं? पण सिद्धम्मा घाबरवणारी बाई नव्हती. तिनं त्याला कधी दटावलं नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती.

बारा वर्षांपूर्वी मल्लिनाथला शिवराज नावाचा धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांचा. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीची अर्थिंगची तार निघाली होती, आणि ती बसवून देतो असं मल्लिनाथनं आईला सांगितलं होतं. पण जानेवारी होता, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती, मित्र बोलवायला आले. उद्या बसवतो, म्हणून तो मोठ्या पाळण्यात बसायला गेला. दुपारी शिवराजनं पाणी धरायला म्हणून मोटारीला हात लावला. पुढचं सांगत नाही. सिद्धम्मानं छाती पिटून घेतली, पण मल्लिनाथकडं बोट केलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. चार शिव्या घातल्या असत्या, चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून मल्लिनाथनं आईला कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं.

त्या सोमवारी संध्याकाळीच दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या मोहोळच्या बाईनं सहज सांगितलं की मुलगा झाला, आता ऑपरेशन करून मोकळी होणार. सिद्धम्मानं तिला समजावलं. रागानं नाही, मायेनंच.

"एकावर थांबू नये बाई," ती म्हणाली. "मी दोन घातले, म्हनून आज एक तरी हाय."

चंद्रिकेनं मल्लिनाथकडं पाहिलं. मल्लिनाथ पंख्याकडं बघत होता. पंखा आवाज करत होता, त्याचं बेअरिंग गेलं होतं, आणि तेवढं मात्र त्याला बरोबर कळलं.

मंगळवारी सकाळी सिस्टर आली ती घाईतच. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून झालंच होतं. गळ्यात एक दोरा राहिला होता आणि त्या दोऱ्यात चांदीची डबी. आत काहीच चालणार नाही, तेही काढा, सिस्टर म्हणाली. चंद्रिकेचा हात गळ्यापाशी थबकला. त्या डबीत तिचं इष्टलिंग होतं. नामकरणाच्या दिवशी स्वामींनी बांधलेलं, त्यानंतर बाळंतपणातसुद्धा अंगावरून न उतरलेलं. लिंग अंगावर नसलं तर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि लिंग जमिनीवर तर कधीच ठेवायचं नाही, हे त्यांच्या लिंगायत घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सिद्धम्मा पुढं झाली. तिनं डावा तळहात पसरला. चंद्रिकेनं दोरा काढून डबी त्यावर ठेवली, आणि सिद्धम्मानं मूठ मिटली.

"तू परत गळ्यात घालस्तोवर मी खाली ठेवत न्हाय," ती सुनेला म्हणाली. "पानीबी पीत न्हाय. निवांत जा."

चंद्रिका वाकून तिच्या पाया पडली. मग स्ट्रेचरवर चढताना तिनं एकदा मल्लिनाथच्या खिशाकडं पाहिलं. मल्लिनाथनं खिशावर हात ठेवून मान हलवली. ती हसली. त्या हसण्यात इतका विश्वास होता की त्याला तिथंच रडू यायला हवं होतं.

दार बंद झालं. आता काउंटर दहा पावलांवर होतं, काउंटरवर दोरीनं बांधलेलं पेन होतं. मल्लिनाथ उठला.

"कुटं चाललास?" सिद्धम्मानं विचारलं.

"हितंच."

"बस की. मला एकटीला गमंना."

तो बसला. पाच मिनिटांनी पुन्हा उठला, पाणी आणतो म्हणाला. तेव्हा सिद्धम्मानं आठवण करून दिली की ती पाणी पिणार नाही, आणि तहान न आवरायला तो काही लेकरू नाही. तो पुन्हा बसला. बाकावरून काउंटर दिसत होतं, पेन दिसत होतं. इतक्या जवळची वस्तू इतकी लांब असू शकते हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. आपण आत्ता उठून सही केली तर आई विचारेल कशाची, आणि मग सांगावं लागेल. आणि सांगितलं तर? आई ओरडणार नाही. ती फक्त आपल्याकडं बघेल. त्या बघण्याचीच त्याला धास्ती होती.

अर्धा तास गेला. सिद्धम्माचे ओठ सुकले होते. मिटलेली मूठ तिनं छातीशी धरली होती आणि उजव्या हातानं त्या मुठीवरून ती अधूनमधून हात फिरवत होती. मग ती आपणहून बोलायला लागली, जे तिनं बारा वर्षांत केलं नव्हतं.

"शिवराजच्या वक्ताला अशीच बसले हुते," ती म्हणाली. "सिव्हिलच्या व्हरांड्यात. त्याची चप्पल मी हातात धरली हुती. भायेर आला की घालाया लागंल म्हनून. लई येळ धरली हुती."

त्या दिवशी मल्लिनाथ सिव्हिलला पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. खिशात गड्ड्यातल्या पाळण्याचं तिकीट होतं. चप्पल त्यानं पाहिलीच नव्हती.

त्याच वेळी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढत ती मल्लिनाथपाशी आली. तांबी निघाली, ती म्हणाली, आतड्यावरच्या चरबीत रुतून बसली होती, पण आतड्याला इजा नाही, सगळं छान आहे. सिद्धम्मानं मूठ कपाळाला लावली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आणि तो फॉर्म कुठाय?" सिस्टरनं मल्लिनाथला विचारलं. "मॅडम थांबल्यात. फाइलमध्ये फॉर्म नाही म्हणून. झालीय ना सही?"

"पेन न्हवतं," मल्लिनाथ म्हणाला.

सिस्टरनं आपल्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. "करा पटकन. दुर्बीण आतच आहे. मी आले दोन मिनिटांत."

ती काउंटरकडं गेली. मल्लिनाथच्या हातात पेन होतं, खिशात फॉर्म होता. कुणी त्याचा हात धरला नव्हता. फॉर्म काढायचा, गुडघ्यावर ठेवायचा, रोज पावतीवर करतो तसली एक वाकडीतिकडी सही ओढायची. दार उघडं होतं. आत त्याची बायको टेबलावर पडली होती, पोटात दुर्बीण होती आणि डॉक्टरीणबाई हातावर हात धरून त्याच्यासाठी थांबल्या होत्या.

"कसला फारम?" सिद्धम्मानं डोळे पुसत विचारलं.

त्यानं आईकडं पाहिलं. एका हाताची मूठ मिटलेली, पाय अनवाणी, तळवे भेगाळलेले, ओठ कोरडे. ती त्याच्याकडं बघत होती. संशयानं नाही. नुसतीच बघत होती, जशी बारा वर्षं बघत आली होती, मागं उरलेल्या एकाकडं.

मल्लिनाथनं तोंड उघडलं. सांगावं असं त्याच्या मनात खरोखरच होतं. अव्वा, ती मरंल. एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी त्याच्या डोक्यात भराभर दुसरंच यायला लागलं. नळ्या काय, नंतरही बंद करता येतात. पुढच्या महिन्यात करू. आईला हळूहळू समजावू. आत्ता ती उपाशी आहे, पाणीसुद्धा प्यायलेली नाही, आत्ताच कशाला. पुढच्या आठवड्यात. हिवाळ्यात. उद्या.

"कायच न्हाय," तो म्हणाला.

सिस्टर परत आली. मल्लिनाथनं पेन तिच्या हातात परत दिलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "तेवडी तांबी निगाली, बास."

सिस्टरनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिनं अशी माणसं पुष्कळ पाहिली असावीत. ती आत गेली आणि दार लागलं. मल्लिनाथ बाकावर बसला. त्याला वाटलं होतं की एकदाचं संपलं म्हणजे हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दार उघडून पुन्हा हाक मारावी, थांबा म्हणावं, असं त्याला वाटत राहिलं, आणि तो नुसता बसून राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी चंद्रिकेला बाहेर आणलं.

दुपारी ती नीट शुद्धीवर आली. पोटाला तीन ठिकाणी पांढऱ्या पट्ट्या होत्या. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. ऑपरेशनसाठी पोटात हवा भरतात, त्यानं दुखतो, उद्यापर्यंत जाईल, असं सिस्टरनं सांगितलं होतं. सिद्धम्मा उशाशी उभी होती. ओल्या फडक्यानं तिनं सुनेचा गळा पुसला, मग मूठ उघडली. इतका वेळ आवळून डबीच्या कडेचा लाल वळ तळहातावर उमटला होता. तिनं दोरा सुनेच्या गळ्यात घातला आणि डबी छातीवर नीट ठेवली.

"घे," ती म्हणाली. "खाली ठेवलं न्हाय."

"पानी प्या, अत्ती," चंद्रिका क्षीण आवाजात म्हणाली, आणि सिद्धम्मा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

मग चंद्रिकेनं मान वळवून मल्लिनाथकडं पाहिलं.

"आन तुमच्याजवळ दिल्यालं?"

मल्लिनाथ उभाच होता. त्याला खोटं बोलता आलं असतं. झालं म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. तेवढा वाईट तो नव्हता, हे आधीच सांगितलं आहे. त्यानं खिशातून फॉर्म काढून तिच्या हातात दिला. तिनं सुईच्या हातानं एकेक घडी उलगडली. खाली दोन रेघा होत्या. एकीवर तिचं नाव होतं, शाळेत शिकलेल्या गोल अक्षरात. दुसरी रेघ कोरी होती.

"पुडच्या टायमाला करू की," मल्लिनाथ म्हणाला. "म्हैन्या-दोन म्हैन्यानं. तवर जपून ऱ्हाऊ."

चंद्रिकेनं फॉर्मच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि तो उशीखाली ठेवला. ती रडली नाही. रडली असती तर मल्लिनाथला तिच्या पाठीवरून हात तरी फिरवता आला असता.

सिस्टर राउंडला आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची छोटी बाटली होती, आणि बाटलीत ती तांबी. तार काळपट पडली होती. नातेवाइकांना दाखवायची असते, म्हणून आणलीय, ती म्हणाली. देवाला न्यायची म्हणून सिद्धम्मानं घाईनं हात पुढं केला.

"सिस्टर," चंद्रिका म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "दुसरी तांबी मला कदी बसवता ईल?"

सिद्धम्माचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

सिस्टरही चमकली. टाके भरू देत, म्हणाली, मग पुढची पाळी आली की ये, मॅडम तपासून बसवतील. मग बाटलीकडं बघून तिनं विचारलं, "एवढं होऊन भीती नाही वाटत?"

"वाटती की," चंद्रिका म्हणाली.

सिद्धम्मा मुलाकडं वळली. ही काय बोलते म्हणून तिनं विचारलं. 'कायच न्हाय' मल्लिनाथच्या ओठावर आलंच होतं, पण चंद्रिकेनं त्याच्यासाठी थांबायचं आता सोडून दिलं होतं.

"मला मरायचं न्हाय, अत्ती," ती म्हणाली. "डॉक्टरनं लिवून दिलंय. कागूद कपाटात हुता. यांनी तुमाला दावला न्हाय."

सिद्धम्मानं सुनेकडं पाहिलं, मग मल्लिनाथकडं पाहिलं, आणि यावेळी ते पाहणं नेहमीचं नव्हतं. ती खाटेच्या कडेला टेकली. वळ उठलेला हात मांडीवर उघडाच पडला होता. बाटली सिस्टरनं टेबलावर ठेवून दिली, ती कुणी उचलली नाही.

मग चंद्रिकेनं डोळे मिटता मिटता नवऱ्याला सांगितलं.

"पुडच्या वक्ताला मी केराबाईसंगं येते. तुमी दुकान बगा."

"बरं," मल्लिनाथ म्हणाला.